आधी घरचे आवाज, मग रेकॉर्ड प्लेअर

प्रश्न असा आला आहे: रत्नागिरीजवळचं घर आवरताना वडिलांच्या मागे राहिलेलं एक लोखंडी कपाट उघडलं. त्यात ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्या, एलपी, दोन खोकी भरून कॅसेट्स, ग्रुंडिगच्या टेपरेकॉर्डरचे स्पूल (टेपची उघडी रिळं), घरगुती कॅमेऱ्याच्या सुपर ८ फिल्मचे डबे आणि लग्नामुंजीच्या व्हीएचएस निघाल्या. यंत्रं सगळी बंद. कॉलेजातल्या मुलीला रेकॉर्ड ऐकायचा नाद लागलाय आणि ती सुटकेससारखा दिसणारा प्लेअर मागवायला निघाली आहे. काय ठेवावं, काय डिजिटल करून घ्यावं, प्लेअर कुठला घ्यावा? आणि शेवटी एक ओळ: ‘हल्ली हे सगळं परत येतंय म्हणतात, मग थोडं थांबलं तर चालेल ना?’

नाही चालणार. आणि या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, कारण माझ्याकडे टेप घेऊन येणारा प्रत्येक दुसरा माणूस हाच समज घेऊन येतो.

परत आलंय हे खरंच. अमेरिकेत २०२२ मध्ये एलपी सीडीपेक्षा जास्त संख्येनं खपल्या. असं १९८७ नंतर पहिल्यांदाच झालं. टेक्निक्सनं बंद केलेला एसएल-१२०० टर्नटेबल २०१६ मध्ये पुन्हा काढला. कोडॅकनं गुंडाळलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये परत बाजारात आली. पण यादी नीट बघा. परत आलं ते नव्यानं विकता येण्यासारखं: नवी तबकडी, कोरी फिल्म, नवा प्लेअर. तुमच्या कपाटातलं जुनं वाजवायला जे लागतं ते परत आलेलं नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. कोडाक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती, तिनं २०१० च्या अखेरीला ते काम बंद केलं. स्पूलचं नवं यंत्र निघतं, पण मोजक्या शौकिनांसाठी आणि मोटारीच्या किमतीत. कॅसेटचे नवे प्लेअर भरपूर दिसतात, त्यांच्याबद्दल पुढे बोलतो, चांगलं बोलणार नाही. थोडक्यात, टेप टिकते आणि यंत्र आधी जातं. यंत्र दुरुस्त करणारे हातही तेवढ्याच वेगानं कमी होतायत.

म्हणून कपाटाचे ढीग लावताना तबकडी, कॅसेट, फिल्म असे प्रकाराप्रमाणे लावू नका. एकच प्रश्न विचारा: हे आणखी कुणाकडे असेल का? लताबाईंच्या गाण्यांची एलपी हजारो घरांत आहे. आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, मस्कतहून किंवा न्यू जर्सीहून काकांनी पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट, दिवाणखान्यात झालेली बैठक, मुंजीत भटजींच्या मंत्रांमागे ऐकू येणारी घरातली बडबड, हे जगात फक्त तुमच्याकडे आहे. तो पहिला ढीग, मग तो कितीही फाटक्या डब्यात असो. हातानं लिहिलेली लेबलं आणि कॅसेटच्या आतली कार्डं टाकू नका. त्यांवर तारखा असतात, रागांची नावं असतात, कधी किराण्याचा हिशेबही असतो.

दुसरा ढीग छोट्या कंपन्यांच्या कॅसेट्सचा. त्याकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून जरा सविस्तर. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. टी-सीरीजचं नाव सगळ्यांना आठवतं, पण तालुक्याच्या गावांतल्या छोट्या कंपन्यांनीही त्या काळात भीमगीतं, पोवाडे, कोळीगीतं, भारुडं, कीर्तनं, वगनाट्यं धडाधड काढली. त्यातल्या कितीतरी कंपन्या उरल्या नाहीत, त्यांच्या मूळ टेप कुठे गेल्या कुणाला ठाऊक नाही, आणि फोनवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपवर त्यातलं पुष्कळसं नाही. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नसेल, कव्हरवर दुरंगी छपाई असेल, तर ती कॅसेट विकत घेतलेली असली तरी या ढिगात घाला आणि घरच्या रेकॉर्डिंगइतकीच जपा. दुकानात गाण्यांची यादी देऊन भरून घेतलेल्या टीडीके आणि मेलट्रॅकच्या कॅसेट्स मात्र खुशाल तिसऱ्या ढिगात, म्हणजे इतरत्र मिळणाऱ्या गोष्टींच्या. त्यात आठवण असते, पण गाणी सगळी मिळतात.

आता स्पूल. तुमच्या कपाटातला सगळ्यात मौल्यवान आणि सगळ्यात फसवा माल हाच.

पहिली गोष्ट, टेप कशाची आहे ते बघा. स्पूल उजेडासमोर धरला आणि टेपच्या थरांतून उजेड आरपार आला, तर ती बहुधा अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची. नाही आला तर पॉलिएस्टरची. अ‍ॅसिटेटची टेप जुनी झाली की ठिसूळ होते आणि ताण बसला की स्वच्छ तुटते, त्यामुळे ती जोडता येते. पॉलिएस्टरची तुटण्याआधी ताणली जाते आणि ताणलेला भाग कायमचा गेला. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलंय. तो स्पूल बाजूला काढा, आधी त्याचं काम करून घ्या.

दुसरी गोष्ट, ट्रॅक, म्हणजे टेपच्या रुंदीत शेजारी शेजारी भरलेले आवाजाचे पट्टे. घरगुती ग्रुंडिगवर पाव इंच रुंदीच्या टेपवर बहुतेक वेळा चार ट्रॅक असत आणि टेप महाग म्हणून लोक चारही भरत. म्हणजे एका स्पूलवर चार वेगवेगळ्या बैठका असू शकतात. हा स्पूल दोन ट्रॅकच्या यंत्रावर लावला तर गाण्यात गाणं मिसळून येतं, त्यातलं एक उलटं. ‘टेप खराब झालीय’ म्हणून टाकून दिलेले असे स्पूल मी रद्दीतून परत आणवले आहेत. खराब काही झालेलं नसतं, यंत्र चुकीचं असतं.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि इथे बहुतेक डिजिटल करून देणारे हात झटकतात. टेप वाचवायला लोक सेकंदाला ९.५ सेंटिमीटरऐवजी ४.७५ च्या वेगानं रेकॉर्ड करत, आणि घरच्या यंत्राचा वेग मुळात थोडा इकडेतिकडे असायचाच. परिणाम थेट सुरावर होतो. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेगात जवळजवळ ६ टक्क्यांची चूक. घरातल्या जाणत्यांना पक्कं ठाऊक असेल की अमुक बुवा काळी एकला गायचे आणि टेपवर षड्ज पांढरी दोनला, म्हणजे अर्धा स्वर वर, लागतोय, तर वेग तेवढा कमी करायचा. हार्मोनियम असेल तर काम सोपं. नुसता तंबोरा असेल तर मी आणखी एक खूण शोधतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची घरघर जवळजवळ नेहमी असते आणि आपल्याकडे तिची कंपनसंख्या सेकंदाला ५०. संगणकावर आवाजाचा आलेख काढला की ती रेष दिसते. ५३ ला दिसली तर टेप जोरात पळतेय. मात्र त्या काळात भार वाढला की विजेची कंपनसंख्या ४९ च्याही खाली घसरायची, म्हणून या रेषेवर डोळे मिटून विश्वास टाकत नाही, तंबोऱ्याशी ताडून बघतो. आत्ताच्या यंत्राची स्वतःची घरघरही त्यात असते. ती वेगळी ओळखावी लागते.

सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरची गंमत आणखी निराळी. कार्यक्रम चालू असताना सेल उतरत जायचे आणि टेप मंदावत जायची. आज ती ठरल्या वेगानं वाजवली की कीर्तनकार शेवटाकडे हळूहळू वरच्या पट्टीत चढत जातो आणि टाळ झपाट्यानं पडायला लागतात. हे सुधारता येतं, पण मिनिटामिनिटानं बसून, एका बटणात नाही.

कुणी ‘टेप ओव्हनमध्ये भाजावी लागते’ म्हणालं तर थांबवा. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या काही व्यावसायिक टेपांचा, विशेषतः अ‍ॅम्पेक्सच्या ठरावीक टेपांचा, चिकट लेप दमट हवेनं सुटतो. त्या ५० ते ५५ अंशांवर कित्येक तास ठेवल्या की तात्पुरत्या वाजतात. घरगुती स्पूलना याची गरज क्वचितच पडते आणि अ‍ॅसिटेटची टेप भाजली तर ती संपलीच.

कॅसेटकडे वळू. फिलिप्सनं १९६३ मध्ये आणलेली ही वस्तू दिसते त्याहून दणकट आहे. कोकणातल्या घरात तिचा शत्रू एकच, बुरशी. खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे तंतू दिसले तर ती कॅसेट कुठल्याही यंत्रात घालू नका. बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेट्सना. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांबरोबर काही आठवडे वाळू द्या, मग उघड्या हवेत, तोंडाला मास्क बांधून, मऊ ब्रशनं साफ करून टेप स्क्रूनं उघडता येणाऱ्या नव्या कॅसेटच्या खोक्यात बसवायची. आतला फेल्टचा छोटा तुकडा गळून पडलेला असतो, तोही बघा. तो नसेल तर टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. सी-१२० लिहिलेली कॅसेट असेल तर तिची टेप फार पातळ असते. ती सारखी पुढेमागे पळवू नका.

वाजवायला काय वापरायचं? हल्लीचे दोन-अडीच हजारांचे यूएसबी कॅसेट प्लेअर विसरा. आज बाजारात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या नव्या कॅसेट प्लेअरच्या पोटात एकाच जुन्या स्वस्त जपानी यंत्रणेची नक्कल आहे. वेग डळमळतो, सनईचा लांब सूर थरथरतो, आणि डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारी सोय) नसते. ऐंशी-नव्वदच्या दशकातला सोनी, टेक्निक्स, आयवा किंवा अकाईचा घरगुती डेक, नवे बेल्ट आणि नवा पिंच रोलर (टेप दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक) घालून, यांच्यापेक्षा कितीतरी सरस वाजतो. जुने बेल्ट डांबरासारखे वितळून पुलीला चिकटलेले असतात, ते स्पिरिटनं खरवडून काढायचे. सुटे भाग पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजारात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजून मिळतात, जुना बेल्ट हातात घेऊन गेलात तर.

डेक मिळाल्यावर एक काम प्रत्येक कॅसेटला करायचं. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन बदलतो. पुस्तकात लिहिलेला बरोबर कोन एकच, पण तुमच्या वडिलांनी ज्या यंत्रावर रेकॉर्ड केलं त्याचा कोन चुकीचा असेल तर आपल्यालाही तेवढाच चुकवावा लागतो. डावा आणि उजवा आवाज एकत्र करून मोनोमध्ये ऐका आणि झांजेचा, ‘स’ आणि ‘श’ चा आवाज सगळ्यात लख्ख होईल तिथे स्क्रू थांबवा. अर्ध्या मिनिटाच्या या कामानं जो फरक पडतो तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं पाडता येत नाही.

७८ च्या तबकड्यांबद्दल पहिली सूचना सगळ्यात महत्त्वाची: स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोल असलेलं काहीही त्यांना लावू नका. त्या लाखेच्या आहेत. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, आणि तुमच्या तबकडीचंही नेमकं तेच होईल. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, लगेच टिपून उभं वाळवायचं. दुसरी सूचना, एलपीची सुई त्यांना चालत नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते; एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची, ती खाचेच्या तळाशी जाऊन कचरा वाचत बसते. आणि चावीचा ग्रामोफोन दुरुस्त झाला तरी त्यावर बालगंधर्वांची चांगली तबकडी लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सचा (पिन बसवलेल्या डबीचा) भार शंभर ग्रॅमहून जास्त असतो आणि पोलादी पिन प्रत्येक वेळी खाच थोडी खाते. हौस म्हणून वाजवायला आधीच घासलेली एखादी तबकडी ठेवा.

नाट्यसंगीत आणि जुन्या ख्यालगायकांच्या बऱ्याच तबकड्या आता संग्राहकांनी जपून ठेवल्या आहेत. मुंबईत १९९० पासून भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची एक संस्था, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, याच कामात आहे. लेबलवरचा क्रमांक उतरवून जाणकाराला दाखवा, मगच विकायचा विचार करा. कधी कधी गंमत होते: बीटल्सची काही गाणी आपल्याकडे साठच्या दशकातही ७८ वर छापली जात होती, इंग्लंडमध्ये तो प्रकार संपत आल्यावर. नाट्यपदांच्या चळतीत तशी एखादी निघाली तर परदेशी संग्राहक तिला भरपूर पैसे मोजतात.

फिल्मचे डबे. प्रोजेक्टर मिळाला तरी लावून बघायचा मोह आवरा. जुनी फिल्म आकसलेली असते, कडेची भोकं यंत्राच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि फाटत जातात. मध्येच अडकली तर दिव्यानं जळते. भिंतीवर पाडून मोबाइलनं चित्रण करणं तर दुहेरी नुकसान, वर चित्र लुकलुकतं. दात्यांशिवाय फिल्म सरकवणारे आणि एकेक चौकट वेगळी टिपणारे स्कॅनर आता आहेत, तसंच करून घ्या. सुपर ८ ची ५० फुटांची रीळ मूक फिल्मसाठीच्या १८ चौकटींच्या वेगानं साडेतीन मिनिटांच्या आतच संपते, म्हणजे डबे दिसतात तेवढा मजकूर नसतो आणि खर्चही वाटतो तेवढा होत नाही. डब्यावर कोडाक्रोम लिहिलेलं असेल तर बहुधा रंग अजून ताजे असतील. बाकीच्या काही गुलाबी पडलेल्या निघतील, त्यांचे रंग स्कॅननंतर बरेचसे परत आणता येतात. इथेही आंबट वासाचा डबा वेगळा ठेवायचा, झाकण घट्ट न लावता, थंड आणि कोरड्या जागी. फिल्ममध्ये घरच्यांपलीकडचं काही असेल, म्हणजे गावची जत्रा, बंदर, एखादी निवडणूक सभा, तर पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाशी बोलून बघा. १९६४ पासूनची संस्था आहे, आता एनएफडीसीकडे (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे) आहे.

व्हीएचएस थोडक्यात: बुरशीचा नियम कॅसेटचाच, चालू व्हीसीआर मिळतोय तोवर करून घ्या, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

डिजिटल करताना वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवलेली) मागा, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ. स्टिरिओचा एक तास साधारण २ जीबी होतो, आजच्या डिस्कला ते काहीच नाही. एमपी३ ऐकायला वेगळी करा. आणि खरखर काढलेली प्रत हीच मूळ प्रत म्हणून कुणाकडून घेऊ नका. खरखर काढणारं सॉफ्टवेअर तंबोऱ्याची जव्हारी, म्हणजे तारांचा झणकार, हीही खरखर समजून पुसतं, नंतर ती कुणाला परत आणता येत नाही. न पुसलेली फाइल ठेवा, तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. फाइलच्या नावात कोण, कुठे, केव्हा हे लिहा, आणि ते सांगू शकणाऱ्या आत्या-मामांना याच महिन्यात बसवून ऐकवा. बैठकीचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायच्या आधी गायकाच्या घरच्यांना विचारा. कलाकाराचा हक्क आपल्या कायद्यात कार्यक्रमापासून ५० वर्षं असतो, आणि ती उलटली तरी विचारणं बरं दिसतं.

आता मुलीचा प्लेअर. सुटकेसवाला नको. त्यात सिरॅमिक पिकअप (सुई बसवलेला भाग) असतो, सुईचा भार पाच-सहा ग्रॅम. चांगल्या मॅग्नेटिक पिकअपला दोनच्या आसपास पुरतो. वर स्पीकर त्याच पेटीत, त्याच्या कंपनानं सुई उडते, मग लोक तिच्यावर नाणं चिकटवतात. ७८ ही ऐकायच्या असतील तर तीन वेगांचा आणि सुई बदलता येणारा टर्नटेबल घ्या, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाचा एलपी १२०. त्याच्या पिकअपला ७८ ची वेगळी सुई मिळते. पैसे जास्त जातील, पण घरातल्या तबकड्या शाबूत राहतील.

एक गोष्ट तिला प्रामाणिकपणे सांगा. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या नव्या, महागड्या एलपींपैकी बऱ्याच डिजिटल फाइलवरूनच छापलेल्या असतात. ‘विनाइलचा ऊबदार आवाज’ म्हणून त्यांना तीन हजार मोजायचे असतील तर मोजू दे, कव्हर सुंदर असतं आणि बाजू उलटायला उठावं लागतं यातही मजा आहे. पण आवाजासाठी घ्यायची असेल तर त्याच काळात छापलेली, दिव्याखाली तिरपी धरून ओरखडे तपासलेली जुनी एलपी घ्यावी. तशा तुमच्या कपाटात आधीच आहेत.

सामान पुण्या-मुंबईला आणताना कुरिअरनं पाठवू नका. ७८ उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर खालच्या तडकतात. टेप आणि धुतलेली फिल्म विमानतळाच्या एक्स-रेमधून गेली तरी काही होत नाही. एखादी सुपर ८ ची कार्ट्रिज अजून न धुतलेली निघाली तर तेवढी मात्र हातात घेऊन तपासायला सांगा, आणि ती कोडाक्रोम असेल तर रंगीत धुऊन मिळण्याची आशा सोडा. तिच्यातून निघालंच तर कृष्णधवल चित्र निघेल.